वळवाचं पाणी

पंचांगात वैशाख अजून वसंतातच मोडतो. दुपारी दोन वाजता वारणेकाठच्या तापलेल्या दगडावर बसून कुणी हे म्हणून दाखवावं! पण वळीव येऊन गेला की पंचांगाशी असलेलं भांडण मिटतं. चारच्या सुमाराला उगवतीकडनं आभाळ काळं होत येतं, उसाची पानं उलटीपालटी होतात, पत्र्यावर चार गारा वाजतात आणि तासाभरात ऊन पुन्हा हजर. त्या धुतलेल्या उन्हात गळ घेऊन नदीवर जायचं.

तोवर नदी म्हणजे तळंच. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, निघतात ते पावसाळ्याच्या तोंडावर. तोवर पाणी तुंबून हिरवं झालेलं असतं. एका वळवानं सगळी नदी गढूळ होत नाही. आधी गढुळतो तो ओढा. नांगरून टाकलेल्या रानांची माती घेऊन तो उतरतो आणि हिरव्या पाण्यात चहाच्या रंगाची पट्टी घुसते. दोन पाण्यांमधली शीव बांधासारखी उठून दिसते. गळ टाकायचा तो त्या शिवेला लागून, गढूळ अंगाला. रानातनं वाहून आलेले किडे, गांडुळं तिथंच रेंगाळतात, आणि मासेही.

अशा पाण्यात डोळ्यांवर जगणाऱ्या माशांची पंचाईत होते. शिंगटीला काय फरक पडतो? तिची चव मिशांतच. चिखलातनं मिशा फिरवत ती बरोबर गांडुळापाशी येते.

मी मात्र दोरीला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या भेंडाच्या तुकड्याकडं टक लावून बसायचो. आबा म्हणाले, "त्या भेंडाकडं काय बघतोस? काढ ते. तंगूस बोटावर घे."

तंगूस म्हणजे गळाची दोरी. घेतला. शिंगटी दोनदा टकटक करते आणि सरळ घेऊन सुटते. बारकी मासळी नुसती कुरतडत राहते, बोटाला गुदगुल्या. सापासारखी लांबट वांब ओढतच नाही. दोरी फक्त जड होते, तळाशी ओलं फडकं अडकल्यासारखी. पहिल्यांदा मला ते फडकंच वाटलं होतं.

दरवर्षी हे जमतंच असं नाही. पहिल्या पाण्याबरोबर कुठली तरी साठलेली घाण सुटली, तर मासे तोंडं वर काढून श्वासासाठी धडपडत काठाला येतात. पाण्यात प्राणवायूच उरलेला नसतो. लोक पाट्या भरभरून नेतात. आबा त्या दिवशी गळ उचलतच नाहीत, घरी येऊन उगीच गोठा झाडत बसतात.

तर ते फडकं. ओढलं तर हातभर वांब! गळ सोडवायला गेलो आणि तिनं मनगटाला वेढा घातला. हाताला बुळबुळीत, पाठीवर काटे. मी ओरडलो. आबांनी मूठभर कोरडी माती तिच्यावर टाकली, पंच्यानं धरली आणि म्हणाले, "आता तुझ्या आज्जीला सांग, चुलीतली राख ठेव म्हणावं."