मंजूर नकाशा हातात आला तेव्हा : अनधिकृत बांधकामाच्या नोटिशीचा माझा अनुभव

महानगरपालिकेची नोटीस लिफ्टशेजारच्या भिंतीवर चिकटवलेली होती. संध्याकाळी कामावरून परतले तेव्हा चार-पाच जण तिच्यासमोर उभे होते. मला बघून ते बाजूला झाले, कारण आठ महिन्यांपूर्वी सोसायटीचं सेक्रेटरीपद मी घेतलं होतं. वर 'महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ५३' आणि खाली चार बाबी : स्टिल्टमधल्या, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीखालच्या मोकळ्या तळातल्या, दोन पार्किंगच्या जागांना भिंती घालून केलेली खोली, तिच्यामागची पंपाची खोली, गच्चीवरची पत्र्याची शेड, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये बाल्कनी बंद करून, भिंत पाडून केलेले बदल. महिन्याभरात हे सगळं काढा, नाहीतर आम्ही काढू आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू, असा मजकूर.

पहिले नऊ दिवस आम्ही वाया घालवले. तातडीची सभा बोलावली आणि तिच्यात एकच विषय चालला : तक्रार कुणी केली? मग चार पानी उत्तर तयार झालं. खोली वीस वर्षं जुनी आहे, तिचा मालमत्ता कर आम्ही भरतो, शेजारच्या तीन इमारतींवर अशाच शेड आहेत, मग आम्हीच का? हे उत्तर मीच लिहिलं होतं आणि तेव्हा ते मला पटलेलंही होतं.

द्यायला जाण्याआधी एका सभासदाच्या ओळखीच्या आर्किटेक्टना दाखवलं. त्यांनी पहिलं पान वाचून कागद खाली ठेवला आणि विचारलं, "मंजूर नकाशा कुठाय?"

इमारतीला परवानगी देताना महापालिकेने मंजूर केलेला तो नकाशा कुणाकडेच नव्हता. बिल्डरने तो सोसायटीला कधी दिला नव्हता आणि आम्हीही कधी मागितला नव्हता.

मग त्यांनी आमचा एकेक मुद्दा घेतला. कर भरला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. महानगरपालिका अधिनियमातलं कलम २६७-अ बेकायदा बांधकामावर दंड लावतं, पण कर आणि दंड भरल्याने बांधकाम नियमित झालं असं समजू नये, हेही तिथेच लिहिलेलं आहे. जुनेपणाचाही उपयोग नाही. इतकी वर्षं गेली किंवा अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष केलं एवढ्यावर अनधिकृत बांधकाम वैध ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. "कोर्टातून स्टे आणू" म्हणणाऱ्या सभासदांना त्यांनी कलम १४९ वाचायला दिलं. या कायद्याखालच्या आदेशाला दिवाणी दाव्यात आव्हान देण्याची वाट ते कलम जवळपास बंद करतं.

आमच्या उपयोगाचं कलम मात्र नोटिशीच्या शेजारीच होतं : ५३(३). नोटिशीच्या मुदतीत कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज केला, तर त्याचा निकाल लागेपर्यंत किंवा अर्ज मागे घेईपर्यंत केवळ त्या नोटिशीच्या आधारे ते बांधकाम काढायला लावता येत नाही. पण अर्ज मुदतीतच हवा, आणि ज्या भागासाठी अर्ज केला तेवढ्यालाच हे संरक्षण मिळतं. नोटीस हातात पडली की आधी तारीख मोजावी, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

नकाशासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करायचा, तर उत्तराला तीस दिवस लागू शकतात. तोवर मुदत संपली असती. म्हणून दोन साधे अर्ज केले : एक बांधकाम परवानगी विभागाकडे, नोटिशीचा क्रमांक घालून फाइल बघायला आणि प्रमाणित प्रती मिळायला, दुसरा नोटीस काढणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे, कागद मिळेपर्यंत मुदत वाढवून द्यावी म्हणून. दोन्हींच्या स्थळप्रतींवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतींवर, आवक शिक्का घेतला. काउंटरवर "हो हो, देऊ मुदत" असं तोंडी सांगणारे खूप भेटतात. पुढच्या सुनावणीत फक्त शिक्क्याची प्रत विचारली गेली.

तीन खेपांनंतर फाइल निघाली. जुनी अमोनिया प्रिंट, घड्यांवर फाटलेली. ती टेबलावर पसरली आणि वीस वर्षांच्या वादाची उत्तरं दहा मिनिटांत मिळाली. पंपाची खोली नकाशावर होती, मापांसह. म्हणजे नोटिशीतली दुसरी बाब चुकीची होती. स्टिल्टमध्ये आमची खोली होती तिथे पार्किंगच्या दोन रिकाम्या चौकटी होत्या. शेडचा कुठे पत्ताच नव्हता.

त्याच फाइलमध्ये तक्रारही होती. अक्षर मी ओळखलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, बदल झालेल्या फ्लॅटच्या बरोबर खाली राहणाऱ्या. तक्रारीला त्यांनी सोसायटीला दिलेल्या तीन पत्रांच्या प्रती जोडल्या होत्या : वरचं काम सुरू झाल्यापासून छताला भेग पडली आहे, ओल उतरते आहे, कुणीतरी येऊन बघावं. तिसऱ्या पत्रावर सोसायटीचा शिक्का होता आणि शिक्क्यावर माझी सही. दोन शेजाऱ्यांचं भांडण समजून ते पत्र मी फाइलला लावलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं आणि काही न बोलता आतल्या खोलीतलं छत दाखवलं. "अगं, मला काही नोटीसबिटीस नको होती," त्या म्हणाल्या. "कुणीतरी येऊन छत बघावं, एवढंच म्हणत होते मी." मी माफी मागितली. सभेत 'तक्रारदार कोण' हा विषय पुन्हा निघाला तेव्हा उठून सांगितलं, की दोष तक्रारीचा नाही, तीन पत्रांना उत्तर न देणाऱ्या कमिटीचा आहे, आणि त्या कमिटीत मी आहे. तो विषय तिथेच संपला.

यानंतर स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं. त्यांनी तिसरा मजला बघितला तसा खालचाही बघितला. पाडलेली भिंत विटांची होती. इमारत आरसीसी फ्रेमची, म्हणजे काँक्रीटच्या खांब-बीमवर उभी, असल्याने तिच्यावर भार नव्हता. खरा धोका कुणाच्या लक्षात न आलेल्या ठिकाणी होता. बेसिन नव्या जागी नेताना पाइपसाठी स्लॅब फोडला होता, अगदी बीमला लागून. सळया उघड्या पडून गंजल्या होत्या आणि पाणी तिथूनच झिरपत होतं. नोटिशीत या छिद्राचा उल्लेखही नव्हता. फ्लॅटमालक आधी चिडले. मग इंजिनिअरनी त्यांना खाली नेऊन काकूंच्या छतातली गंजलेली सळई दाखवली. त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही. बेसिन जुन्या जागी गेलं, खाली टेकू लावून सळया साफ केल्या आणि छिद्र मायक्रोकाँक्रीटने भरलं. हा खर्च त्यांनीच केला.

आर्किटेक्टच्या सल्ल्याने एका कागदावर तीन रकाने केले : चुकीने आलेलं, नियमित होऊ शकणारं, काढावंच लागणारं. पंपाची खोली पहिल्यात. बाल्कनी आणि आतली भिंत दुसऱ्यात; त्यासाठी परवानाधारक आर्किटेक्टमार्फत मुदतीत अर्ज, सोबत मालकीचे कागद, सोसायटीचं ना-हरकत पत्र, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र. शेड तिसऱ्यात. ती गळती झाकायला टाकली होती. ती काढली आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं, जे मुळातच करायला हवं होतं.

स्टिल्टमधली खोलीही तिसऱ्याच रकान्यात गेली, आणि ते मला सगळ्यात जड गेलं. खुली स्टिल्ट पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायला परवानगी असते त्या क्षेत्रात, धरलेली नसते. भिंती घातल्या की ती जागा एफएसआयमध्ये येते, शिवाय मंजूर पार्किंगची संख्याही कमी होते. आमच्याकडे शिल्लक एफएसआय नव्हता. "बिल्डरने ती जागा आपल्याला दिली होती" असं एक जुने सभासद म्हणत राहिले. पण स्टिल्टची जागा बिल्डरने कुणाला स्वतंत्रपणे विकायची नसते, ती सामाईक असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे, आणि सामाईक म्हणजे भिंती घालायला मोकळी असं नव्हे. प्रश्न तिथे राहणाऱ्या माणसांचा होता. आमचे वॉचमन आणि त्यांची बायको अकरा वर्षं त्या खोलीत राहत होते. सभेत कुणी म्हणालं, त्यांना महिन्याची मुदत देऊ. मी ठराव मांडला की जवळ खोली मिळेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही आणि भाडं मासिक वर्गणीतून जाईल. दोन मतं विरोधात गेली, ठराव झाला. खोली मिळायला पाच आठवडे लागले. म्हणूनच सुनावणीत दिलेल्या हमीपत्रात खोली पाडण्याची तारीख आम्ही जरा पुढची टाकली होती. पाळता येणार नाही अशी तारीख लिहून देऊ नका, हे आर्किटेक्टनी बजावलं होतं.

सुनावणी वीस मिनिटांची झाली. चार पानी उत्तर मी घरीच ठेवलं होतं. तीन रकान्यांचा कागद, नकाशाची प्रमाणित प्रत, अर्जाची पोच, हमीपत्र. अधिकाऱ्यांनी पंपाच्या खोलीची मापं नकाशाशी ताडून बघितली आणि ती बाब तिथल्या तिथे वगळली. बाकीचं पाडकाम झाल्यावर कनिष्ठ अभियंत्यांनी येऊन पंचनामा केला, फोटो घेतले. बाल्कनीचं शुल्क भरून ती मंजुरी सगळ्यात शेवटी आली. नोटीस निकाली निघाल्याचं पत्र हातात पडायला एकूण सात महिने लागले.

कर विभागाकडे स्टिल्टमधली ती पाडलेली खोली अजून नोंदलेली आहे. एका विभागाचा निर्णय दुसऱ्या विभागात आपोआप पोचत नाही, म्हणून आकारणी दुरुस्तीचा वेगळा अर्ज दिला आहे. मोजणीला माणूस येऊन गेला.

मागच्या महिन्यात काकूंचं पुन्हा पत्र आलं, गच्चीवरून येणाऱ्या पावसाच्या पाइपाबद्दल. पत्र हातात घेऊन तशीच वर गेले. पाइपाच्या तोंडाशी शेडच्या पत्र्याचा एक तुकडा अडकला होता.