घड्याळ, पट्टा की दंडावरचा बँड?

टीएमटीचा, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करतात त्या हृदयाच्या चाचणीचा, रिपोर्ट हातात देताना डॉक्टरांनी त्याच्या मागे पेनाने दोन आकडे लिहिले: ९८ आणि ११४. व्यायाम करताना नाडी या दोन आकड्यांच्या मधे ठेवायची. मी ५४ वर्षांची, रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी ठेवणारी, गोळी रोज चालू. चाचणीत काही वावगं निघालं नव्हतं, पण माहेरी हृदयविकार आहे, त्यामुळे सगळेच जरा सावध. "अजिंक्यतारा किल्ला खुशाल चढा, पण मोजून चढा," एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मोजायचं कशाने, ते माझं मी बघायचं होतं.

यंत्राआधी हे आकडे आले कुठून ते सांगते, कारण निवडीचं अर्धं उत्तर मला तिथेच मिळालं. टीएमटीत ट्रेडमिल ताशी २.७ किलोमीटर वेगाने आणि १० टक्के चढावर सुरू होते आणि दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. मी दमून "बास" म्हटलं तेव्हा माझे ठोके १३८ होते. बसल्या जागी ५८. या दोनांतला फरक ८०. त्याचे ५० टक्के म्हणजे ४० आणि ७० टक्के म्हणजे ५६, ते ५८ मध्ये मिळवले की ९८ आणि ११४. फिनलंडच्या कार्व्होनेन यांनी १९५७ साली मांडलेल्या विचारावर हा हिशोब उभा आहे.

पण बहुतेक घड्याळांत आणि ॲपमध्ये भरलेला असतो तो दुसराच हिशोब: २२० वजा वय. माझ्यासाठी तो १६६ येतो. २००१ सालचं सुधारित सूत्र आहे, २०८ वजा वयाचे सात दशांश, त्याने तर १७० येतात. आता बीटा ब्लॉकर घेणाऱ्या माणसाचं हृदय त्या वेगाला जाणारच नाही, गोळीचं कामच ते. म्हणजे माझे ठोके १३० झाले की मी जवळजवळ टोकाला आलेली असते आणि ॲप मात्र "मध्यम व्यायाम, अजून जोर लावा" म्हणत असतं. गोळी न घेणाऱ्यांनाही हे सूत्र सरसकट लागू पडत नाही. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत कमाल ठोक्यांचा फरक दहा-बारा सहज असतो, कधी त्याहून जास्त. म्हणून माझी पहिली अट ठरली: यंत्र कुठलंही असो, त्यात वरची आणि खालची मर्यादा मला स्वतःच्या हाताने भरता आली पाहिजे. दुकानात हा प्रश्न विचारला की विक्रेता स्क्रीनचा आकार सांगायला लागतो, हा अनुभव घेऊन झाला.

फुकटचा मार्ग आधी करून बघितला. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची, १५ सेकंद मोजायचं, चाराने गुणायचं. पूर्ण मिनिट मोजण्यात अर्थ नाही, कारण थांबल्याबरोबर ठोके उतरायला लागतात आणि मिनिट संपेपर्यंत चढावरचा आकडा निघून गेलेला असतो. पद्धत चांगली आहे, आजही मी यंत्राची खातरजमा अशीच करते. पण १५ सेकंदांत एक ठोका चुकला की उत्तरात चाराचा फरक पडतो, आणि मुळात थांबावं लागतं. रस्त्यात उभं राहून मनगट धरलेली बाई दिसली की ओळखीचे लोक "काय वहिनी, बरं वाटत नाही का?" म्हणून जमतात. साताऱ्यात सकाळी सहाला ओळखीचे लोक फार.

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बहुतेकांच्या ड्रॉवरमध्ये असेल, आमच्याही होता. तो नाडीही दाखवतो. बसल्या जागी उत्तम, चालताना निरुपयोगी. बोट हललं की आकडा हलतो.

मग घड्याळ. दिवाळीत यजमानांना भेट आलेलं एक स्वस्तातलं स्मार्टवॉच घरात होतंच. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्या किमतीच्या बऱ्याच घड्याळांना लागू आहे. माझा भाचा पळणारा. २०१२ मध्ये इथली हिल मॅरेथॉन सुरू झाल्यापासून यवतेश्वरचा घाट पळत चढणारी मुलं गल्लोगल्ली झालीत, त्यातला हा एक. तो आला, त्याने ते घड्याळ घेतलं, ओला नॅपकिन गुंडाळून त्यावर बांधलं आणि माझ्यासमोर धरलं. घड्याळाने नॅपकिनची नाडी ७० च्या आसपास दाखवली.

"मावशी, हा नॅपकिन तुझ्यापेक्षा फिट आहे," तो म्हणाला.

चेष्टा सोडा, पण त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. घड्याळाच्या पाठीवर जे हिरवे दिवे लुकलुकतात त्यांचा प्रकाश कातडीत शिरतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्याबरोबर रक्ताची लाट आली की परत येणारा प्रकाश कमी होतो, ती ओसरली की वाढतो. घड्याळ ही चढउतार मोजतं आणि त्यात लय शोधतं. खरी लय नसली तरी ते सापडेल त्या थरथरीत ती शोधत राहतं. चांगल्या घड्याळाला "सिग्नल नाही" म्हणायची अक्कल असते, त्याला ती नव्हती.

नॅपकिनमुळे सगळीच घड्याळं वाईट ठरत नाहीत, म्हणून भाच्याचं पळण्याचं चांगलं घड्याळ काही दिवस वापरलं. तिथे अडचण आली ती माझ्या हाताची. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बसायला हवं. माझ्या दोन्ही हातांत बांगड्या. त्या खाली येऊन घड्याळाला धडकतात, घड्याळ सरकतं, फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो. शेवटी डाव्या हातातल्या बांगड्या चालण्यापुरत्या काढून ठेवायला लागले. घड्याळांच्या माहितीत घामाचा, गोंदणाचा, थंडीचा उल्लेख सापडतो. बांगड्यांचा कुठे सापडला नाही. थंडीचं मात्र खरं आहे. डिसेंबरात पहाटे हात गार पडले की कातडीतलं रक्त कमी होतं आणि आकडा भरवशाचा राहत नाही.

आता छातीचा पट्टा. भाच्याकडे तो होताच. यात प्रकाशबिकाश काही नाही. पट्ट्याच्या आतल्या बाजूला दोन इलेक्ट्रोड असतात आणि ते हृदयाची विद्युत लहर थेट टिपतात, ईसीजी टिपतो तशी. त्यामुळे ठोका पडला की लगेच मोजला जातो. फिनलंडच्याच पोलार कंपनीने १९८२ साली पहिला बिनतारी मॉनिटर आणला, तो छातीच्या पट्ट्यावरच चालायचा. कार्व्होनेन फिनलंडचे, पट्टा फिनलंडचा. नाडीच्या बाबतीत त्या देशाने बरंच मनावर घेतलेलं दिसतं.

पट्टा वापरायचे नियम आहेत. इलेक्ट्रोड पाण्याने ओले करायचे, नाहीतर घाम येईपर्यंत भलतेच आकडे दिसतात. कोरड्या हवेत नायलॉनचा टीशर्ट घातला तर घर्षणाच्या विजेनेही सुरुवातीला आकडा उगाच उडतो. घरी आल्यावर सेन्सरची डबी पट्ट्यावरून काढून ठेवायची. ओल्या पट्ट्यावर ती चालूच राहते आणि आतला बटन सेल संपतो. पट्टा साध्या पाण्याने खळबळून वाळत घालायचा, नाहीतर घामाच्या मिठाने खराब होतो. आणि पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही छातीला बांधू नये.

यंत्र म्हणून पट्टा मला निर्विवाद आवडला. पण तो बसतो नेमका ब्राच्या पट्टीखाली. पट्टीने तो दाबला जातो, काचतो, चढावर वाकलं की खाली घसरतो. पुरुष रस्त्याच्या कडेला टीशर्टमध्ये हात घालून पट्टा सारखा करतात आणि पुढे जातात. मी किल्ल्याच्या महादरवाजाशी उभी राहून ते करू शकत नाही. ज्यांची सवय स्पोर्ट्स ब्राची आहे आणि ज्या पळतात, त्यांना तो खुशाल चालेल. भाच्याच्या गटातल्या मुली वापरतात. मला रोज पहाटे गार ओला पट्टा छातीला लावायचा कंटाळा यायला लागला. कंटाळा आला की यंत्र ड्रॉवरमध्ये जातं, ऑक्सिमीटरच्या शेजारी.

तरी तो परत करण्याआधी एक काम करून घेतलं. छातीला पट्टा, मनगटावर भाच्याचं घड्याळ, आणि दोन्हींचे आकडे बघत अजिंक्यतारा चढले. भाचा फोन धरून बरोबर. पायथ्याच्या सपाट रस्त्यावर दोन्ही यंत्रं दोन-तीन ठोक्यांच्या फरकाने सारखी. पहिल्या दमछाकीच्या वळणावर पट्टा १०४ आणि घड्याळ अजून ८६ वर. जवळजवळ मिनिटाने घड्याळ तिथे पोचलं, तोवर पट्टा ११२ वर. म्हणजे मला "थांब" सांगायची वेळ असते तेव्हा घड्याळ "चाल" म्हणत असतं. वर मंगळाईच्या देवळाशी बसलो, तेव्हा पुन्हा दोघांचं जुळलं.

खरी गंमत उतरताना. उतारावर मला काही श्रम नव्हते, पट्टा ९० च्या आसपास, आणि घड्याळ १२० दाखवून बसलेलं. भाच्याने माझी पावलं मोजली, मिनिटाला बरोबर तेवढीच पडत होती. हात हलला की मनगटातलं रक्तही हिंदकळतं. ती लय ठोक्यांपेक्षा ठळक झाली तर घड्याळ तिलाच नाडी समजतं. घड्याळात हालचाल ओळखून वजा करायची सोय असते, पण ती दर वेळी पुरी पडत नाही. पळणाऱ्यांना हा प्रकार ठाऊक आहे. चालणाऱ्यांना माहीत नसतो, आणि चालण्याची पावलं तर नेमकी शंभर ते सव्वाशेच्या पट्ट्यात पडतात, जिथे आमच्यासारख्यांच्या मर्यादा असतात. मला वाटतं, डॉक्टरांनी आकडे दिलेल्या माणसाने मनगटावर भरवसा टाकू नये यासाठी एवढं एक कारण पुरे आहे.

तिसरा पर्याय भाच्याला सुचला नव्हता, त्याच्या गटातल्या एका सायकलवाल्याने सांगितला: दंडावरचा आर्मबँड. पोलारचा व्हेरिटी सेन्स, कूस्पोचे आर्मबँड, असे काही मिळतात. आत तेच हिरवे दिवे, पण जागा वेगळी. दंडाला मांस जास्त, तिथे मनगटासारखी हाडं कातडीलगत नाहीत, हात हलला तरी तो भाग कमी हलतो आणि थंडीत तितका गार पडत नाही. सायकल चालवताना मनगट वाकलेलं आणि मूठ आवळलेली असते, म्हणून सायकलवाले तो घेतात. माझ्या दृष्टीने त्याचा मोठा गुण म्हणजे तो कुडत्याच्या बाहीखाली जातो आणि बांगड्यांना मोकळं सोडतो.

दुकानात न बघता मागवला, पण परत करायची मुदत बघून. आल्यावर भाच्याचा पट्टा पुन्हा मागून घेऊन, तो आणि आर्मबँड एकत्र लावून तीच चढण केली. चढावर आर्मबँड पट्ट्याच्या किंचित मागे, काही सेकंदच, आणि उतारावर पावलांच्या नादाला लागला नाही. एवढी अचूकता मला पुरते. ज्यांना दोन ठोक्यांमधला वेळ मोजायचा आहे त्यांनी पट्टाच घ्यावा, ते काम प्रकाशाने चालताना नीट होत नाही.

आर्मबँडला स्क्रीन नाही, ही त्याची खोट. आकडा फोनवर बघावा लागतो. मी फोन कमरेच्या पाऊचमध्ये ठेवते. ॲपमधले झोन, म्हणजे ठोक्यांचे तयार टप्पे, बंद करून माझे ९८ आणि ११४ भरले, वर गेलं की फोन बोलतो. तो इंग्रजीत आणि जरा मोठ्याने बोलतो. बरोबर चालणाऱ्या नणंदबाई पहिल्यांदा दचकल्या होत्या, आता त्या माझ्याआधी थांबतात. घ्यायच्या आधी एवढं बघून घ्या: ब्लूटूथने तुमच्या फोनच्या ॲपला जोडला जातो का, वरची आणि खालची मर्यादा स्वतः भरता येते का, आणि पट्टी काढून धुता येते का. चार्जिंग, रंग, पावलं, झोप यांकडे मी बघितलं नाही.

पुढच्या तपासणीला फोनमधले आलेख घेऊन गेले. चढावरच्या आकड्यांवरून डॉक्टरांनी नुसती नजर फिरवली. त्यांना बघायचं होतं ते वर पोचून थांबल्यानंतरचं पहिलं मिनिट. त्यात ठोके किती उतरतात हे महत्त्वाचं, १२ किंवा त्याहून कमी उतरले तर ते लक्ष घालतात. माझे बऱ्यापैकी जास्त उतरत होते. मग त्यांनी विचारलं, गोळी चालण्याआधी घेता की आल्यावर? कधी आधी, कधी नंतर, मी म्हटलं. टीएमटीच्या दिवशी गोळी घेऊन गेले होते, म्हणजे ९८ आणि ११४ हे गोळी पोटात असतानाचे आकडे. गोळीची वेळ बदलली की त्याच चढावर ठोके वेगळे येणार. आता गोळी रोज ठरलेल्या वेळी, चहाबरोबर, आणि चालायला त्यानंतर तासाभराने. त्यामुळे सहाचं चालणं सातवर गेलं आहे.