मोजू नको ना ताई

आज मिरजेला धाकटीचा एमआरआय झाला, नवीन डाग नाही. घरी येताना दोघी काहीच बोललो नाही, विश्रामबागला उतरलो तेव्हा ती म्हणाली ताई भडंग घेऊया आणि मला रडूच आलं.

निदानाला दोन वर्षं झाली. आधी उजव्या डोळ्यानं धूसर दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचं, आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर बदलला असेल. मग एमआरआय, पाठीतल्या पाण्याची तपासणी, आणि निदान एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्यात मेंदूत आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत डाग पडतात. तेव्हापासून आईचा एकच प्रश्न, व्हीलचेअर लागणार का हो?

आज डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं. तरुण वय, बाई, सुरुवात डोळ्यापासून, नजर जवळपास पूर्ण परत आली, दोन वर्षांत दुसरा अटॅक, म्हणजे आजार परत उसळणं, नाही, हे सगळं चांगल्या बाजूला. मणक्यात एक डाग आहे तो मात्र वाईट बाजूला. मी विचारलं मग जड काय पडणार, तर म्हणाले हे खूप पेशंटांच्या सरासरीवरून कळतं, एकट्या हिचं नेमकं सांगता येत नाही. आधी मला हे टाळाटाळीचं उत्तर वाटायचं, आज नाही वाटलं. कारण पुढं म्हणाले, जुने आकडे बरेचसे औषधं नव्हती त्या काळातले आहेत, हिचं औषध लवकर सुरू झालंय, ते आकडे जसेच्या तसे हिला लावू नका. अपंगत्व मोजायची 0 ते 10 ची पट्टी आहे, कुर्त्झके नावाच्या डॉक्टरांनी 1983 मध्ये मांडलेली. 4 वर काठीशिवाय, न थांबता 500 मीटर जमतं, 6 वर 100 मीटरलाच काठी लागते. धाकटी 1.5 वर आहे. घरी हे सगळं सांगितलं तर आईनं काठी हा शब्द तेवढा धरला.

आणि उन्हाळा! सांगलीत पारा 40 ला टेकला की हिला परत धूसर दिसायचं, आम्ही नवीन अटॅक समजून रात्र जागवायचो. ते उष्णतेनं होतं, अंग थंड झालं की जातं, खरा अटॅक निदान 24 तास तरी टिकतो. हे कुणीतरी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं, आख्खा एक उन्हाळा भीतीत गेला आमचा.

संध्याकाळी ती स्वतःच म्हणाली चल घाटावर जाऊ. गणपती मंदिरापासून चालत गेलो, मी मनात मोजत होते 500 झाले का, 500 झाले का, तिला कळलं. मोजू नको ना ताई, म्हणाली. पाऊस अजून लागला नाही, कृष्णेचं पाणी पार खाली गेलंय. पायऱ्यांवर बसून भडंगाची पुडी सोडली, आयर्विन पुलावर दिवे लागेपर्यंत तिथंच होतो.