दोराचं मोकळं टोक

टाळ थांबत नव्हता. दोराच्या पुढच्या टोकाशी मला वाटलं, मागच्यांची लय सुटली असेल, म्हणून हात वर करून मी सगळ्यांना आणखी हळू केलं. दोन मिनिटं अशी गेली. त्या दोन मिनिटांपाशी मी अजून अडकलो आहे.

प्रयोग साधा होता. वडोदऱ्याच्या जुन्या शहराला चार दिशांना चार दरवाजे आणि मधोमध मांडवी ही जुनी कमानींची इमारत. रविवारी सकाळी लहरीपुरा दरवाज्यातून आत शिरायचं, मांडवीपाशी उजवीकडे वळायचं आणि गेंडीगेटला पोचायचं. अठरा जण, एक दोर, बोलायचं नाही. मिनिटाला ६० पावलं, पाऊल दीड फुटाचं, म्हणजे साधारण २७ मीटर. एरवीच्या चालीचा तिसरा हिस्सा. एवढ्या संथ चालीत डोळे दुकानांच्या पाट्या सोडून वरच्या लाकडी गॅलऱ्यांकडे जाऊ लागतात. हेरिटेज वॉकमध्ये हे होत नाही, कारण तिथे एक जण बोलत असतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत असतात.

या कामात संकल्पनेवर महिना जातो आणि दोर आदल्या संध्याकाळी आणला जातो, म्हणून दोराचं सविस्तर सांगतो. ८ मिलिमीटरचा पिळाचा सुती दोर घ्यावा. नायलॉन घामट तळव्यातून सटकतो आणि ओढ बसली की कातडी सोलतो. काथ्याची कुसळं टोचतात. दोन माणसांत १.२ मीटर अंतर. कमी ठेवलं तर पुढच्याच्या टाचेवर पाय पडतो, जास्त ठेवलं तर मधून स्कूटर घुसते. अठरा जणांमधली १७ अंतरं म्हणजे २०.४ मीटर, पुढे १ मीटर, मागे ३ मीटर शेपूट. प्रत्येक गाठीत १० सेंटीमीटरच्या आसपास दोर जातो, तेव्हा २७ मीटर विकत घ्यायचा. रात्रभर भिजवून, ताणून वाळवून मगच गाठी मारायच्या, नाहीतर वापरात दोर ताणला जातो आणि मोजलेली अंतरं बिघडतात. धरायचा डाव्या हातात. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो, वाहनं उजवीकडून जातात. दोर उजव्या हातात असला की कुठल्या तरी हँडलला अडकतोच.

एवढं करूनही रांग ताणली जाते. पुढचा थबकला की मागचा जरा उशिरा थबकतो, त्याच्या मागचा आणखी उशिरा, आणि निघतानाही तेच. हे बारीक उशीर साचत जातात आणि शेवटच्याला चक्क पळावं लागतं. म्हणून वेग पुढच्याने नाही, शेवटच्याने ठरवायचा. दोराला हिसका देऊन निरोप पाठवणं आम्ही तालमीत करून पाहिलं. सहा-सात हातांपलीकडे हिसका पोचत नाही, प्रत्येक हात तो थोडा थोडा गिळतो. आवाज मात्र पोचतो. म्हणून अठराव्या माणसाकडे टाळ दिला. त्याला दोन्ही हात लागतात, तेव्हा त्याच्या कमरेला दोर, ओढ बसताच सुटेल अशा अर्ध्या गाठीने.

टाळाचा नियम वारीतून घेतलेला. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि दिंड्यांचे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र वाजवत राहते. चोपदार तिथवर जातो, ऐकून घेतो, मग पुढचं होतं. एवढ्या अफाट जमावात एकाचं गाऱ्हाणं बुडू नये यासाठी याहून चोख रचना मला माहीत नाही. आमच्याकडे एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा, आणि वाजतच राहिला तर तक्रार: पुढच्याने मागे यायचं. तालमीत हा तिसरा नियम मी सर्वांत शेवटी, उठता उठता सांगितला होता. दांडियाबाजारच्या ज्या काकूंकडे टाळ होता, त्यांची पायी वारी झालेली. त्यांना तो सांगावाही लागला नसता.

मांडवीचं वळण अवघड. एवढा लांब दोर काटकोनात वळला की मधली माणसं आतल्या बाजूला ओढली जाऊन थेट हातगाड्यांवर जातात. त्यावर उपाय म्हणजे कोपऱ्यावर कोणीतरी खुंटीसारखं उभं राहायचं आणि दोर त्याच्या अंगाला घासत वळवायचा. ते काम मागच्या टोकाशी चालणाऱ्या सहकाऱ्याने केलं. खुंटी व्हायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून त्याने तोवर हाताला गुंडाळलेलं शेपूट सोडून दिलं. तीन मीटर दोर काकूंच्या मागे रस्त्यावरून सरपटत निघाला.

पुढचं मला काकूंनी आणि सतराव्या गाठीवरच्या मुलीने नंतर सांगितलं. दुधाची पिशवी घेऊन चाललेल्या एका मुलाने दोर उचलला. मग भाजीवाल्या बाईंनी विचारलं, “क्यां जाय छे?” बोलायचं नव्हतं, म्हणून कोणी उत्तर दिलं नाही. त्यांनी कोथिंबिरीची जुडी काखेत मारली आणि दोर धरला. मग आणखी पाच जण. कोणी सांगितलेलं नसताना सातही जण आमच्याच चालीने चालू लागले. दोराची चाल हाताला कळते, हे आम्हाला तालमीत समजवायला चार दिवस लागले होते.

सहकारी धावत आला आणि त्याने सगळ्यांना बाजूला केलं: प्रोग्राम चालू आहे, सोडा. तेव्हा काकू टाळ वाजवू लागल्या.

मी मागे पोचलो तोवर तिथे कोणी नव्हतं.

“काकू, टाळ का वाजतोय?”

“तक्रार आहे,” त्या म्हणाल्या. “चालणाऱ्यांना काढलं.”

शेपटाच्या पिळात कोथिंबिरीचं एक पान अडकलं होतं.

सहकाऱ्याचं म्हणणं खोटं नाही. संमतीपत्रं अठराच होती, मुलगा लहान होता, पोलिसांकडच्या अर्जात अठराच जण लिहिलेले. काही झालं असतं तर जाब आम्हालाच द्यावा लागला असता. पण दोर न ओढता, शेपटापाशी स्वतः उजव्या बाजूला चालत राहून रहदारी अडवता आली असती. कार्यक्रम म्हटला की आतले कोण आणि बाहेरचे कोण हे आधी आखायची सवय आमच्या सगळ्या चमूला आहे, मलाही. इंग्रज कलाकार रिचर्ड लाँग १९६७ मध्ये इंग्लंडात गवतावर एकटा ये-जा करत राहिला आणि पायाखाली रेघ उमटली; तिथे शेपूट कोण धरणार हा प्रश्नच नव्हता. आम्ही मात्र जाहिरातीत सहभाग हा शब्द छापतो, भर बाजारातून दोर नेतो, आणि सहभाग चालून आला तेव्हा तो आम्हाला अडथळा वाटला. सही करून आलेल्यांनी दोर धरला कारण आम्ही तो हातात दिला. त्या सात जणांना तो कोणीच दिला नव्हता.

नव्या दोराचं शेपूट ६ मीटर ठेवलं आहे, त्यावर १.२ मीटरवर पाच गाठी. खुंटीसाठी वेगळा माणूस, मागे चालणारा वेगळा; त्याने फक्त रहदारीची बाजू सांभाळायची. एकटं लहान मूल आलं तर त्याने मुलाच्या आणि रस्त्याच्या मधे चालायचं, दोर काढून घ्यायचा नाही. अर्जात आकड्याऐवजी ‘अठरा आणि वाटेत येतील ते’ असं लिहून पाहिलं, ते परत आलं. आता ‘पंचवीसपर्यंत’ लिहितो. टाळ कोणाकडे द्यायचा हे मात्र ठरत नाही. अठराव्याकडे राहू द्यावा, की शेवटच्या गाठीला बांधून ठेवावा, जो येऊन धरेल त्याच्यासाठी. काकू म्हणतात, बांधा. अनोळखी माणसाने तो उगाच वाजवला तर प्रत्येक वेळी मला दोराच्या पुढच्या टोकापासून मागे जावं लागेल, सत्तावीस मीटर.