रात्रीपासून सुरू केलेली प्रार्थना : माझा अनुभव

वसईतल्या कॅथलिक घरात वाढलेल्या माणसाला प्रार्थना वेगळी शिकवावी लागत नाही. संध्याकाळची रोझरी (मण्यांच्या माळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना), रविवारची मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मे महिन्यात गावातल्या क्रुसापुढे म्हटली जाणारी माळ, ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी येशूच्या यातनांचे टप्पे आठवणारी क्रुसाची वाट हे सारे लहानपणीच अंगवळणी पडलेले असते. मीही त्यातूनच आले. मात्र लग्न, दोन मुले आणि अंधेरीतली पूर्णवेळ नोकरी यांच्या धबडग्यात माझ्या लक्षात आले की माझी सगळी प्रार्थना चारचौघांच्या सोबतीने होते. सोबत कोणी नसताना देवापुढे एकटीने बसण्याची सवय मला नाही. ती सवय मला मनापासून हवी होती. गेली काही वर्षे मी ती लावून घेत आहे, आणि संसार सांभाळून असेच काही करू पाहणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून त्यासाठी काय काय करावे लागले ते येथे लिहीत आहे.

सुरुवातीला मी एका वयोवृद्ध फादरांकडे मार्गदर्शनासाठी गेले. प्रार्थनेविषयी काही सांगण्याआधी त्यांनी मला माझ्या आठवड्याचा तक्ता लिहून आणायला लावला. नळाला पाणी कधी येते, डबे कधी भरायचे, लोकल कोणती, सासूबाईंची औषधे कोणत्या वेळी, मुलांचा अभ्यास कधी, आणि या सगळ्यातून झोप किती मिळते, असे सारे मी त्यात लिहिले. तो तक्ता वाचून ते म्हणाले की मठातल्या सिस्टरांचे वेळापत्रक यावर लादायचे नाही. जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस दि सेल्स यांनी 1609 साली प्रपंचात राहणाऱ्या लोकांसाठी भक्तिजीवनावर पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी हीच गोष्ट आग्रहाने मांडली आहे. सरदाराची भक्ती वेगळी, कारागिराची वेगळी, विधवेची आणि विवाहितेची वेगळी. बिशपाने कार्थुसियन साधूसारखे एकांतात राहायचे ठरवले किंवा संसारी माणसांनी कापुचिन साधूंप्रमाणे गाठीला काही ठेवायचेच नाही असे ठरवले, तर त्या भक्तीत ताळतंत्र उरणार नाही. फादरांचा दुसरा सल्ला असा होता की एकच प्रार्थना निवडावी, ती उपासनावर्षाचा, म्हणजे चर्चच्या सणावारांच्या वर्षाचा, एक पूर्ण काळ नेमाने करावी आणि तोवर तिच्यात दुसरे काहीही मिसळू नये.

बहुतेक लोक पहाटेची प्रार्थना निवडायला सांगतात. मी रात्रीची निवडली. आमच्याकडे पहाटे पाणी येते, आणि पाण्याच्या वेळेला हातातले सारे टाकून उठावे लागते हे वसई-विरारमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको. रात्री भांडी घासून, ओटा पुसून झाला की माझ्याकडे कोणी काही मागत नाही. त्या वेळेसाठी चर्चची तयार प्रार्थना आहे, ती म्हणजे ब्रेव्हिअरीतली, दिवसाच्या ठरलेल्या वेळांना म्हणायच्या प्रार्थनांच्या पुस्तकातली, झोपण्यापूर्वीची प्रार्थना. ब्रेव्हिअरी फक्त फादर आणि सिस्टरांसाठी असते असा समज आपल्याकडे अजून बराच आहे. वास्तविक कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीच्या संविधानात प्रापंचिकांनीही ही प्रार्थना धर्मगुरूंबरोबर, आपापसांत किंवा एकट्याने म्हणावी असे उत्तेजन दिले आहे. कोणाची वेगळी परवानगी लागत नाही.

या प्रार्थनेची रचना साधी आहे. प्रथम दिवसभराच्या वागण्याची थोडी तपासणी, मग गीत, बायबलच्या स्तोत्रसंहितेतली एक किंवा दोन स्तोत्रे, बायबलमधल्या एकदोन ओळी, आपला आत्मा देवाच्या हाती सोपवणारे प्रतिवचन, लूकच्या शुभवर्तमानातले वृद्ध शिमोनाचे गीत, एक छोटी प्रार्थना आणि शेवटी पवित्र मरियेला उद्देशून एक गीत. सावकाश म्हटले तरी दहा-बारा मिनिटे पुरतात. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेतली स्तोत्रे चार आठवड्यांच्या चक्रात फिरतात, त्यामुळे नवख्या माणसाला पाने शोधतानाच दमायला होते. रात्रीची स्तोत्रे मात्र दर आठवड्याला तीच असतात: शनिवारी 4 आणि 134, रविवारी 91, सोमवारी 86, मंगळवारी 143, बुधवारी 31 चा आरंभ आणि 130, गुरुवारी 16, शुक्रवारी 88. हे आकडे मी एका पुठ्ठ्यावर लिहून बायबलमध्ये ठेवले. इंग्रजी ब्रेव्हिअरीतून क्रम पाहायचा आणि स्तोत्रे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या मराठी बायबलमधून म्हणायची, असे मी ठरवले, कारण दिवसभर ऑफिसात इंग्रजी लिहिल्यावर रात्री देवाशी तरी घरच्या भाषेत बोलावे असे मला वाटले. जुनी कॅथलिक पुस्तके वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: त्यांत बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक एकाने मागे असतो, म्हणजे आजच्या बायबलमधले 91 वे स्तोत्र तिथे 90 वे म्हणून सापडते.

तीच स्तोत्रे आठवड्यामागून आठवडे म्हणत राहिल्याने ती पाठ झाली, आणि पाठ झाल्यावरच ती खरी कळू लागली असे मला वाटते. शुक्रवारच्या 88 व्या स्तोत्राविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटाकडे आशेच्या दिशेने वळतात. हे स्तोत्र वळत नाही, त्याचा शेवट अंधारातच होतो. आरंभी मला ते नकोसे वाटे. आठवड्याच्या अखेरीस थकून आलेल्या माणसाने झोपताना हे का म्हणावे, असा प्रश्न मी फादरांना विचारला होता, आणि त्यांनी शुक्रवार हा प्रभूच्या मरणाचा दिवस आहे एवढेच उत्तर दिले होते. पुढे माझे वडील शेवटच्या आजारपणात होते त्या महिन्यांत मला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करणे जमेना. तेव्हा या स्तोत्राने मला शब्द दिले. देवाकडे तक्रार करणेही प्रार्थनेत बसते, आणि चर्च ती तक्रार दर शुक्रवारी आपल्या तोंडी घालते, ही केवढी मोठी दया आहे! ज्या रात्री मी सुखात असते त्या शुक्रवारीही आता मी ते म्हणते, कारण कोणाच्या ना कोणाच्या घरात ती रात्र आलेलीच असते आणि त्यांच्या वतीने ते म्हणता येते.

या प्रार्थनेला लागूनच मौन आले. संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातल्या मठनियमाच्या 42 व्या प्रकरणात रात्रीच्या प्रार्थनेनंतर कोणी बोलू नये असे सांगितले आहे. मी त्यातून माझ्यापुरता एक नियम घेतला: प्रार्थनेनंतर मोबाइल पाहायचा नाही. तो स्वयंपाकघरात चार्जिंगला राहतो आणि उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ आहे. बोलण्याचा नियम मात्र मला बदलून घ्यावा लागला. माझ्या यजमानांना कामाच्या पाळीमुळे आठवड्यातून काही दिवस घरी यायला उशीर होतो, आणि आमचे दोघांचे बोलणे तेव्हाच होते. त्यांनी जेवताना काही सांगावे आणि मी मौन धरून बसावे, हे मला पटण्यासारखे नव्हते. म्हणून त्या दिवशी आधी त्यांचे जेवण आणि आमचे बोलणे, मग प्रार्थना, असा क्रम ठरला. मूल तापाने फणफणले असेल तर मौन राहतच नाही, आणि त्याची रुखरुखही मी लावून घेत नाही. प्रापंचिकाचे मौन असेच असणार. ते घराच्या गरजेपुढे बाजूला होते आणि गरज संपली की पुन्हा आपल्या जागी येते.

मोबाइल दूर गेल्यावर झोप लवकर लागू लागली, आणि पाणी येण्याआधी अर्धा तास उठणे शक्य झाले. सकाळची प्रार्थना अशी आपोआप जोडली गेली. तिच्यासाठी वेगळा निश्चय करावा लागला नाही. सकाळी मी एखादे स्तोत्र आणि जखऱ्याचे गीत म्हणते, शुक्रवारी 51 वे पश्चात्तापाचे स्तोत्र, कारण चारही आठवड्यांत शुक्रवारी सकाळी तेच येते. उरलेला वेळ त्या दिवशी मिस्सेत वाचायच्या शुभवर्तमानाच्या उताऱ्यासाठी ठेवलेला आहे. बाराव्या शतकात गिगो नावाच्या कार्थुसियन मठप्रमुखांनी वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द ध्यान अशा चार पायऱ्या सांगितल्या, त्याच मी धरते. उतारा रात्रीच एकदा वाचून ठेवला तर सकाळी मनन लवकर सुरू होते. चौथ्या पायरीवर मी क्वचितच पोहोचते. ती देवाच्या देण्याची गोष्ट आहे, वेळापत्रकाने मिळणारी नाही, असे फादर सांगतात.

रोझरी लोकलमध्ये होते. घरी संध्याकाळी सासूबाई माळ धरतात आणि पोहोचले तर मी त्यांच्यासोबत बसते, पण गाडीचा भरवसा नाही, म्हणून माझी स्वतःची रोझरी सकाळच्या प्रवासात. गर्दीत माळ हातात धरणे जमत नाही. एका हाताने कडी धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांची पेरे अंगठ्याने मोजत 'नमो मरिया' म्हणायचे. नायगावनंतर खाडीच्या पुलावर वारा लागतो तोवर रोझरीच्या पाच भागांतले, म्हणजे रहस्यांतले, दुसरे सुरू झालेले असते आणि बोरिवलीच्या आसपास पाचवे संपते. गुरुवारी प्रकाशाची रहस्ये असतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली ती रोझरीत आणली. माझ्या लहानपणी ती नव्हती, म्हणून ती ओठांवर बसायला वेळ लागला. कधी शेजारच्या डब्यातून भजनी मंडळाचे टाळ ऐकू येतात. त्याने माझी प्रार्थना कधी मोडली नाही. कामावर जाता जाता इतकी माणसे देवाचे नाव घेत आहेत याने मला बळच येते.

हे सारे रुळल्यावर कोरडेपणा आला, आणि याविषयी आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. प्रार्थनेला बसावे आणि काहीच वाटू नये, डोळे घड्याळाकडे जावेत, असे कित्येक महिने चालले. अविलाच्या संत तेरेसांनी आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे की काही वर्षे त्यांचे लक्ष प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच अधिक असे. एवढ्या मोठ्या गुरूची ही गत वाचून मला धीर आला. प्रत्यक्ष उपयोगी पडले ते लोयोलाचे संत इग्नेशियस. त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या नियमांत सांगितले आहे की मन उजाड असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, आणि अशा वेळी ठरलेल्या तासापेक्षा थोडे अधिकच बसावे. मी ते शब्दशः पाळले. सोडून द्यावेसे वाटे तेव्हा ठरल्या वेळेनंतर मिनिटभर जास्त बसत असे. यामुळे कोरडेपणा लगेच गेला असे नाही, पण त्याच्यामुळे नेम मोडेल ही भीती गेली. दर महिन्याला कुमसार, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, घेण्याचीही मला या काळात मोठी मदत झाली, कारण आपली स्थिती दुसऱ्या माणसासमोर मोठ्याने सांगितली की तिचा आकार लहान होतो.

शांत राहणीसाठी बाकी जे केले ते थोडक्यात सांगण्याजोगे आहे. रात्रीच्या मालिका बंद केल्या, बहुतेक व्हॉट्सअ‍ॅप गटांतून नमस्कार करून बाहेर पडले, आणि मिस्सेनंतर चर्चच्या आवारात इतरांविषयी होणाऱ्या चर्चेतून बाजूला राहायला शिकले. या तिसऱ्या गोष्टीला सर्वांत जास्त श्रम पडले. गावातले लग्न, आजारपण, मयत यांतून मात्र मी अंग काढून घेतलेले नाही. संत शार्ल द फुको यांनी 1897 ते 1900 या काळात नाझरेथमध्ये क्लारा संप्रदायाच्या सिस्टरांच्या मठात गडी म्हणून काम केले, कारण येशूने आयुष्याची बहुतेक वर्षे त्या गावात कोणाच्या नजरेत न येता काढली होती आणि त्यांना तसेच राहायचे होते. मला नाझरेथ शोधायला कुठे जावे लागत नाही. डबे, लोकल, फायली आणि सासूबाईंची औषधे यांत ते आहे, आणि तिथे राहण्यासाठी रात्रीची दहा मिनिटे मला पुरतात.

येत्या आगमनकाळापासून, म्हणजे ख्रिसमसच्या तयारीच्या आठवड्यांपासून, एक नवी गोष्ट करायचे ठरले आहे. सासूबाईंनी स्वतः विचारले की मी रात्री पुस्तकातून जे म्हणते त्यातले काही त्यांच्यासोबत म्हणता येईल का. त्यांची दृष्टी अधू झाली आहे, म्हणून आम्ही संध्याकाळच्या प्रार्थनेतले मरियेचे गीत निवडले आहे. ते रोज तेच असते आणि त्यांना अर्धेअधिक पाठ आहे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी स्तोत्रांच्या चक्राचा पहिला आठवडा सुरू होतो, त्यामुळे पुढे त्यांना आणखी काही जोडावेसे वाटले तर पाने शोधणेही सोपे जाईल. मोठी मुलगी वाचून दाखवायला तयार आहे. धाकट्याला आम्ही अजून विचारलेले नाही.