किल्ली काढली तरी चालूच

१८ जानेवारी, रविवार. रात्री साडेदहा.

काल बेळगावच्या हुतात्मा चौकात सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या अभिवादनाला जाऊन आलो. घरी आल्यावर दारात आमची जुनी डिझेल मर्सिडीज लावली, किल्ली काढून खिशात टाकली, उतरलो. इंजिन चालूच! परत किल्ली घातली, फिरवली, काढली. तेच. पाचही सिलिंडर आपले निवांत धडधडतायत. शेजारचे काका चहाचा कप घेऊनच बाहेर आले. "बॅटरीची वायर काढ बघू." डिझेलला एकदा चालू झाल्यावर बॅटरीची फिकीर नसते, हे त्यांना त्या आवाजात काय समजावणार? तोवर समोरची पोरं जमली होती. शेवटी बॉनेट उघडून डिझेल पंपावरचा लिव्हर बोटाने दाबून धरला, तेव्हा दोन हिसके देऊन गप्प झाली.

कारण पाच मिनिटांत सापडलं. नव्वदच्या दशकातल्या या गाडीत इंजिन विजेवर नाही, व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा खेचून केलेल्या पोकळीवर, बंद होतं. किल्लीपासून पंपापर्यंत करंगळीपेक्षाही बारीक नळी जाते. बंद करायला किल्ली फिरवली की व्हॅक्यूम पंपापर्यंत पोचतो आणि डिझेल तुटतं. ती नळी जिथे रबराच्या तुकड्याने जोडलेली, तिथे उंदराने व्यवस्थित, चाकूने कापावी तशी कुरतडलेली. एअर फिल्टरच्या डब्यामागे नारळाच्या शेंड्या, कापूस, आणि आमच्याच देवघरातली एक वात.  

पुण्याहून पोराचा फोन आला. आधी पोट धरून हसला, मग गंभीर झाला. "पप्पा, आता पुरे. जूनमध्ये पासिंग संपतंय, त्याच्या आत काढून टाका."

पासिंगचं त्याचं बरोबर आहे. गाडी १९९६ची, मर्सिडीज ई २५० डिझेल, पिंपरीला टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, आवारात जुळवलेली. पंधरा वर्षं २०११ला भरली, मग २०१६, २०२१ असं दर पाच वर्षांनी पासिंग. मागच्या वेळी फी ६०० रुपये होती. आता वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. बाहेरून आयात केलेली असती तर ८०,०००, म्हणजे पिंपरीने वाचवलं म्हणायचं. वर हरित कर वेगळा. कागद काढून बघत बसलो तर जुन्या आर.सी. बुकावर गाव बेळगाव आणि २०१६च्या कार्डावर बेळगावी. गाडी तीच, दारही तेच.

नवीन घ्यायची तर हिशेब असा. मोठ्या गाड्यांवर गेल्या सप्टेंबरपासून जीएसटी ४० टक्के, आणि आपल्या कर्नाटकात वीस लाखांवर लाइफ टॅक्स १८ टक्के. ते सोडलं. पोराने कोल्हापुरातली एक सहा वर्षांची, याच जातीची गाडी बघून ठेवलीय, सव्वीस लाख सांगतायत. फोटोत छान दिसते. पण ती एम.एच. ०९. बेळगावात आणून कायमची ठेवायची तर एन.ओ.सी., परत इथला टॅक्स, आणि हेलपाटे. आमच्याकडे अर्ध्या पाहुण्यांच्या दारात एम.एच. आणि अर्ध्यांच्या दारात के.ए. उभी असते, हे पुण्यात बसून कळत नाही.

लोकांना वाटतं मी वडिलांच्या, आण्णांच्या, आठवणीसाठी गाडी धरून बसलोय. तसं असतं तर सोपं होतं. आण्णांनी ही २००३ साली हुबळीच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. तेव्हा इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचे चार लेथ, म्हणजे लोखंड कातायची मशीनं, होते. आण्णांचा नियम असा की मशीन जॉबचं, म्हणजे कातायच्या तुकड्याचं, माप धरीना की विकायचं, मग ते पहिलं असो की दहावं. ज्या लेथवर त्यांनी धंदा उभा केला, तो भंगारात घातला तेव्हा वजनकाट्यावर ते स्वतः उभे होते आणि तोंडावर काही नव्हतं. ते असते तर या गाडीचंही माप काढलं असतं.

मग मीही काढलं. तीन लाख चाळीस हजार किलोमीटर. डिझेल लिटरला अकरा-बारा. तेल खात नाही. गेल्या महिन्यात पुढच्या चाकाचं बुश गेलं, तेव्हा व्हर्नियर लावून माप घेतलं आणि आतली लोखंडी स्लीव्ह दुपारच्या सुट्टीत आमच्याच लेथवर कातून घेतली. टर्नर म्हणाला, "सायेब, ट्रॅक्टरचं पण असंच असतंय की." थोडं लागलंच मला ते.

एकच वायपर. बघणाऱ्याला वाटतं दुसरा चोरीला गेलाय. तवंदीच्या घाटात पावसाळ्यात तो कोपऱ्याकडे हात लांब केल्यासारखा सरकतो आणि परत आखडतो, आणि जवळजवळ सगळी काच पुसून काढतो. हे पोराला सांगितलं तर म्हणाला, नव्या गाडीत दोन असतात.

गोची वेगळीच आहे. आज सकाळी मिस्त्रींकडे गेलो. सत्तरी ओलांडलेली. नळी बघून म्हणाले, "रबर गेलंय वो सायेब, लोखंड नाही." पन्नास रुपयांची नळी, दहा मिनिटांचं काम. पण खाली वाकले ते बंपरला धरून उठले, आणि उठल्यावर घटकाभर काही बोलले नाहीत. त्यांचा मुलगा शेजारी लॅपटॉप लावून एका नव्या गाडीचे कोड वाचत होता. त्याला आमच्या गाडीत लॅपटॉप कुठे लावायचा तेच सापडत नाही, आणि शिकायची इच्छाही नाही. का असावी? महिन्यातून अशी एक गाडी येते.

म्हणजे माप गाडीचं काढून उपयोग नाही, मिस्त्रींच्या गुडघ्यांचं काढायला हवं. ते आहेत तोवर ही पन्नास रुपयांत बरी होते. त्यांच्यानंतर हिला कोल्हापूर, मग पुणे, आणि शेवटी कुणीतरी शौकीन माणूस येऊन भाव पाडून मागणार.

२० जानेवारी, मंगळवार

टर्नरला विचारलं, शनिवारी दुपारी दोन तास मिस्त्रींकडे जाशील का, पगार मी देतो. तो म्हणाला, ट्रॅक्टर पण येतात का तिथे? येतात म्हटलं. मग जातो म्हणाला.

पोराला फोन केला. पासिंगला गाडी लावणार, कोल्हापूरवाल्याला नाही म्हण. तो थोडा वेळ गप्पच. मग विचारलं, "आणि २०३१ला?" तेव्हा मी पासष्टचा, मिस्त्री पंच्याहत्तरच्या पुढचे. बघू म्हटलं.

शनिवारी टर्नरबरोबर नळी पाठवायची. एक मीटर नको, तीन मीटर. आणि उंदरासाठी पिंजरा.