खान्देशच्या उन्हाधुळीत आरसी ट्रक: माझं सेटिंग

आरसी म्हणजे रिमोटवर पळणारा छोटा ट्रक. शिकायला खऱ्याच्या एक-दशांश मापाचा, मागच्या दोन चाकांवर चालणारा शॉर्ट कोर्स ट्रक (कच्च्या ट्रॅकवर पळणाऱ्या पिकअपसारखा) सगळ्यात बरा. मार सोसतो आणि सुटे भाग मिळतात. पण खोक्यातल्या पुस्तिकेतलं सेटिंग आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. म्हणून मोटर आधी, सस्पेन्शन नंतर, असा क्रम मी धरला. नव्या पोरांनाही तोच सांगतो.

माझ्या ट्रकला 86 दातांचा स्पर गियर (मोटरने फिरणारा मोठा गियर) आणि 19 चा पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गियर) आहे, म्हणजे गुणोत्तर 4.53. थंडीत ते ठीक. आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की मी 17 चा पिनियन बसवतो, गुणोत्तर 5.06 होतं. सरळ पट्ट्यावर वेग दहाएक टक्के उतरतो, पण वळणातून ट्रक चटकन उचलतो आणि मोटरवरचा भार कमी होतो. पाच मिनिटं पळवून लगेच इन्फ्रारेड थर्मामीटर मोटरवर धरायचा. 80 अंशांच्या वर आकडा गेला तर आणखी एक दात कमी. पंखा लावला की झालं, असं म्हणणारे बरेच भेटतात. पंखा 45 अंशांचीच हवा मारणार. चुकलेला पिनियन तो झाकू शकत नाही.

पिनियन बदलला की दातांची फट पुन्हा जुळवावी लागते. मोटरचे स्क्रू ढिले करून दोन गियरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालायची, मोटर दाबून धरायची, स्क्रू आवळायचे आणि स्पर फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर दातांच्या घड्या उमटल्या पण ती फाटली नाही, तर फट बरोबर. फाटली तर गियर घट्ट बसलेत, मोटर उगाच तापेल. फार सैल असेल तर पहिल्याच उडीत स्परचे दात साफ. स्पर नेहमी अगदी गोल असतोच असं नाही, म्हणून पूर्ण फेरा फिरवून बघायचा. पिनियन शाफ्टवर पकडून ठेवणारा बारीक ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच यायला हवा, आणि तो ढिला होऊ नये म्हणून त्याला निळं थ्रेडलॉक (स्क्रू धरून ठेवणारा डिंक) हवंच.

ट्रॅक काळ्या मातीत करू नका. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि भेगेत पुढचं चाक अडकलं की सस्पेन्शन आर्म तुटतो. पावसात तीच माती फुगून चाकांना लगडते. मुरूम पसरा, पाणी मारा, रोलर फिरवा. तरी वर भुकटी राहतेच. त्यावर बारीक, दाट खुंट्यांचे मऊ टायर धरतात, फक्त कडक मुरमावर ते लवकर झिजतात. टायरची कड रिमपासून सुटलीय का हे दरवेळी अंगठ्याने दाबून पाहायचं; सुटली असेल तर सुपरग्लूचा थेंब.

खरा वेळ जातो तो शॉकवर, म्हणजे सस्पेन्शनच्या तेल भरलेल्या शॉक ॲब्सॉर्बरवर. सिलिकॉन तेल तापलं की पातळ होतं, म्हणून जिथे 30 वेट (तेलाच्या जाडीचा आकडा) पुरतं तिथे उन्हाळ्यात मी 40 घालतो. दांडा पूर्ण बाहेर ओढून शॉक उभा धरायचा, तेल जवळजवळ काठापर्यंत भरायचं, मग दांडा हळूहळू वर-खाली. पिस्टनच्या भोकांतून बुडबुडे सुटत राहतात; ते थांबेपर्यंत शॉक तसाच उभा ठेवायचा. घाई केली की आत हवा राहते आणि दांडा दाबताना फुस्स आवाज येतो. डाव्या-उजव्या शॉकची जोडी टोकाला टोक लावून दाबायची. दोन्ही सारखे दबले पाहिजेत, नाहीतर ट्रक उडीत एका अंगाला कलतो. शेवटी बॅटरीसकट ट्रक फूटभर उंचीवरून सोडायचा. चेसिस जमिनीला जेमतेम टेकून एकदाच वर आली की तेल जमलं. धपकन आदळली तर तेल जाड करा.

स्लिपर क्लच (झटका बसला की थोडा घसरून गियर वाचवणारा क्लच) पूर्ण आवळून पाव ते अर्धा फेरा सोडायचा. उभ्या ट्रकला एकदम पूर्ण थ्रॉटल दिला की पहिलं फूट-दीड फूट क्लच घसरल्याचा आवाज यावा. नंतर पळवताना ट्रकचं मागचं टोक घसरू लागलं तर मागच्या स्प्रिंग मऊ करून बघायच्या, पण एका वेळी एकच बदल.

उडीत नाक खाली चाललं तर थ्रॉटल, वर चाललं तर ब्रेक. जमिनीवर येताना मात्र पूर्ण थ्रॉटल धरू नका. भन्नाट फिरणारी चाकं झटक्यात थांबतात आणि सगळा मार डिफ (डिफरन्शियल) आणि ड्राइव्हशाफ्टवर जातो. बॉडीच्या मागच्या भागाला भोकं पाडली की आत हवा कोंडून ट्रक उलटत नाही.

लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीबद्दल थोडंसं. ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा) कट-ऑफ, म्हणजे बॅटरी उतरली की मोटर बंद करणारं सेटिंग, लायपोवर आहे ना ते बघा. नाहीतर सेल 3 व्होल्टच्या खाली जाऊन बॅटरी कायमची जाते. आणि शर्यतीवरून आलेली गरम बॅटरी निवल्याशिवाय चार्जला लावायची नाही; निवली की 5000 एमएएच क्षमतेच्या बॅटरीला 5 अँपिअर, फरशीवर ठेवून, समोर बसून. ठेवून द्यायची असेल तर सेलमागे 3.8 व्होल्ट. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत दुपारी कधीच नाही.

सुरू करताना आधी रिमोट, मग ट्रक. बंद करताना आधी ट्रक. घरी आल्यावर आधी कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने झाडायचं, कारण शॉकच्या दांड्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसली तर गारा होऊन सीलमध्ये शिरते. मग चाकं हाताने फिरवायची, आणि जे खरखरतं त्याचं बेअरिंग त्याच रात्री बदलायचं.